पंधरा सक नव्वद, मग दोनशे नव्वद कुठून?

कळंब तालुक्यातल्या एका पोट्ट्यानं मला मोटोजीपीबद्दल, म्हणजे मोटरसायकल रेसच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेबद्दल, लांबलचक प्रश्न पाठवला. मतलब एवढा: "काका, माझी गाडी 160 सीसीची, 15 हॉर्सपॉवरची. मोटोजीपीची 1000 सीसीची, म्हणजे माझ्या सहापट. पंधरा सक नव्वद. मग तिची ताकद पावणेतीनशेच्या वर, तीनशेच्या जवळ कशी काय सांगतात? तिच्यात असं काय असते जे माझ्या गाडीत नाही? अन् वर्धेकडचा एक मेकॅनिक 12 हजारांत बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वाढवून देतो म्हणते. करू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नको करू. का ते कळायला मात्र बाकीचं सगळं वाचावं लागेल, आणि ते जरा लांब आहे.

मी कोण ते सांगतो. नऊ वर्षं चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या छोट्या गाड्यांचा मेकॅनिक होतो. आता धामणगाव-यवतमाळ रोडवर माझं गॅरेज आहे. मोटोजीपीच्या पिटमध्ये मी पाना धरलेला नाही. पण पिस्टनला देश कळत नाही; 150 सीसीला जे लागू, तेच 1000 सीसीला, फक्त तिकडं प्रत्येक चूक महाग पडते.

आधी तुझा पाढा. पाढा बरोबर आहे, पण सीसी म्हणजे ताकद हे गृहीतक चुकलं. घरी आजोबा असतील तर त्यांना मोटेबद्दल विचार. विहिरीतून तासाला किती पाणी निघेल ते मोट केवढी आणि बैल धावेवरून किती फेऱ्या मारतात यावर ठरायचं. तिसरी लहान गोष्ट म्हणजे मोट काठोकाठ भरते की अर्धीच वर येते. सीसी म्हणजे नुसता मोटेचा आकार. तू फेऱ्या मोजल्याच नाहीस.

तुझी गाडी 8,000 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 8,000 फेऱ्यांच्या, आसपास 15 हॉर्सपॉवर देते. तिथं तिची ओढ, म्हणजे टॉर्क, निघतो 13 न्यूटन मीटरच्या थोडा वर. सव्वासहा पट केला की 83-84. मोटोजीपीचं इंजिन 18,000 ला 290 हॉर्सपॉवर देतं असं धरलं, तर उलट्या हिशेबानं त्याचा टॉर्क येतो 115. म्हणजे मोट जास्त काठोकाठ भरण्याचा फायदा पस्तीस-चाळीस टक्के, बस. बाकी सगळी करामत फेऱ्यांची: 18,000 भागिले 8,000, सव्वादोन पट. सव्वादोनला एक पूर्णांक चारनं गुण, तीनच्या थोडं वर येतं. तुझे नव्वद-चौऱ्याण्णव तिथं तीनशेजवळ पोचतात. जादू कुठंच नाही.

आता एक गंमत, जी मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला सांगतो. आपली फवारणीचा पंप बांधून वावरात जाणारी स्प्लेंडर घे. तिचा पिस्टन 50 मिलिमीटर रुंद आणि वरखाली धावतो 49.5 मिलिमीटर. मोटोजीपीत नियमानं चारपेक्षा जास्त सिलिंडर चालत नाहीत आणि बोअर 81 मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. 1000 सीसीचा भागाकार कर, स्ट्रोक येतो 48.5. म्हणजे पिस्टनची धाव दोन्हीकडं सारखीच. आपल्या स्प्लेंडरची मिलिमीटरभर जास्तच! फरक हा की तिकडचा पिस्टन रुंद आणि चपटा, आणि तो सेकंदाला 300 वेळा वरखाली होतो. स्प्लेंडरमध्ये सरासरी वेग सेकंदाला 13 मीटर, तिकडं 29.

मग आपल्या गाडीला 18,000 पर्यंत का ताणत नाही? कारण पिस्टन वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, पुन्हा थांबतो. त्या थांबण्या-फिरण्याचा झटका आरपीएमच्या वर्गानं वाढतो. फेरे सव्वादोन पट, झटका पाच पट. 18,000 ला वरच्या टोकाशी पिस्टनवर त्याच्या वजनाच्या दहा हजार पटींहून जास्त ओढ पडते. 300 ग्रॅमचा पिस्टन धरला तर तीन टनांच्या वर. कापसाची भरलेली गाडी एका पिनेला टांगायची, आणि तेही सेकंदाला 300 वेळा.

पिस्टन-रॉड हलके आणि महागड्या धातूचे करून एकवेळ हे निभावतं. खरी परीक्षा वॉलची. वॉल म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप; स्प्रिंग ती परत मिटवतो. आणि इथं मला माझी लाज सांगावी लागेल.

कोइम्बतूर, शनिवारची रात्र. 150 सीसीच्या वर्गातली गाडी, 11,000 च्या वर फिरणारी. हेड उघडून मी वॉलचे स्प्रिंग व्हर्नियरनं मोजत होतो. एक्झॉस्टचा स्प्रिंग नव्यापेक्षा 0.4 मिलिमीटर आखूड भरला. रेसच्या गाडीची एक वही असते. कोणता पार्ट किती तास चालला ते त्यात लिहितात. वहीप्रमाणं त्या स्प्रिंगचे तास भरले होते. नवा सेट डब्यात नव्हता, दुकान सोमवारी उघडणार. मनाशी म्हटलं, एक रेस काढेल. चौथ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी खट्ट आवाज झाला. स्प्रिंग तुटला, वॉल जागेवर परतला नाही, खालून येणाऱ्या पिस्टननं त्याला गाठलं. रायडरनं त्याच क्षणी क्लच ओढला म्हणून मागचं चाक लॉक झालं नाही. तो गवतात उतरला, कोपर सोलपटलं. जेवायला बसलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "नापा था ना?" मी मान हलवली. तो पिस्टन अजून माझ्या गॅरेजच्या फळीवर आहे. डोक्यावर वॉलची चंद्रकोर उमटलेली.

वॉलच्या स्प्रिंगचं दुखणं असं की एका मर्यादेपुढं तो स्वतःच थरथरायला लागतो. वॉल उघडणारा कॅम पुढं निघून जातो, वॉल हवेत तरंगत राहतो आणि पिस्टन वर येतो. 18,000 ला प्रत्येक वॉल सेकंदाला 150 वेळा उघडतो-मिटतो. लोखंडी स्प्रिंग त्या तालावर टिकत नाही. यावर दोन तोडगे निघाले. एक, स्प्रिंगच काढून टाकायचा आणि दाबाखालच्या वायूनं वॉल परत ढकलायचा. रेनॉनं हे फॉर्म्युला वनच्या इंजिनात 1986 साली आणलं. पुढं मोटरसायकलींनी उचललं. वायू थरथरत नाही, दमत नाही. दुसरा डुकाटी या इटलीच्या कंपनीचा: वॉल उघडायला एक रॉकर आणि ओढून मिटवायलाही दुसरा रॉकर. डेस्मोड्रोमिक म्हणतात त्याला. फाबिओ टाग्लिओनी नावाच्या त्यांच्या इंजिनिअरनं 1956 साली 125 सीसीच्या रेसगाडीत ते बसवलं, आणि सत्तर वर्षं होत आली तरी रेसच्या गाड्यांत डुकाटीनं ते सोडलं नाही. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. हातानं घडवल्यासारखा आहे.

आयुष्याचा हिशेब लक्षात घे. तिथं अख्ख्या मोसमाला एका रायडरच्या वाट्याला सीलबंद अशी सात-आठ इंजिनं येतात. आपली स्प्लेंडर लाखभर किलोमीटर हेड न उघडता जाते. दोन्ही गाड्यांच्या इंजिनिअरांनी आपापलं काम चोख केलेलं आहे. एकाला टिकाव मागितला होता, दुसऱ्याला वेग. आणि "देते किती?" विचारशील तर, सध्याच्या नियमानं रविवारच्या रेसला 22 लिटर पेट्रोल, त्यात 110-120 किलोमीटर. लिटरला पाच-साडेपाच.

हवेचं एक सांगतो, कारण आपल्याकडं ते विसरतात. ओढ शेवटी हवेच्या वजनावर असते. 15 अंशांची हवा आणि आपली मे महिन्यातली 45 अंशांची हवा यांत जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. गरम हवा तेवढी विरळ. दुपारी दोनला गाडी मंद वाटते ती मनाची समजूत नाही. कारबोरेटरच्या जमान्यात आम्ही सकाळच्या प्रॅक्टिसला एक जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) आणि दुपारच्या रेसला दुसरा घालायचो, मग प्लग काढून त्याचा रंग बघायचो. विटकरी-तांबूस आला की जमलं. माणसाचंही तेच. 24 सप्टेंबर 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा भारतात झाली, तेव्हा उन्हामुळं रेस 24 लॅपवरून 21 वर आणावी लागली होती. मार्को बेझेक्की जिंकला.

आता मुद्द्याची गोष्ट. इतकं सगळं करून ताकद बनवली, ती लावायची कुठं?

आपल्याकडं तळेगाव दशासरचा शंकरपट तू पाहिला असशील. सेकंदाच्या हिशेबात निकाल लागतो. जोडी कितीही तगडी असो, सुटताना खूर घसरले की गेली. धुरकरी जाणता असेल तर तो पहिल्या झपाट्यात बैलांना पूर्ण सोडत नाही. खूर धरेपर्यंत कासरा हातात ठेवतो. रेसिंग गाडीचं अख्खं तंत्र म्हणजे तो कासरा.

आकड्यांत बघ. गाडीचं किमान वजन 157 किलो. रायडर आणि पेट्रोल धरून 250 च्या आसपास. 290 हॉर्सपॉवर ताशी 100 च्या वेगाला पूर्ण सोडली तर मागच्या चाकावर ओढ येईल गाडीच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. पण वजनाइतकी ओढ झाली की पुढचं चाक उचलायला लागतं. म्हणजे ताशी 100 ला इंजिनाकडं जेवढं आहे त्यातला तिसरा हिस्साच वापरता येतो, आणि तोही गाडी सरळ उभी असेल तर. वळणावर आडवी असताना त्याहून कितीतरी कमी. ताशी 366.1 किलोमीटरचा विक्रम ब्रॅड बिंडर या रायडरच्या नावावर 2023 साली इटलीतल्या मुजेल्लोला लागला, तो सरळ रस्त्याच्या शेवटचा आकडा. रेस जिंकतात ती त्याच्या आधीच्या वळणातून बाहेर पडताना.

म्हणून बघ, गेल्या वीस वर्षांत जे नवं आलं त्यातलं निम्मं पुढचं चाक खाली ठेवण्यासाठी आणि मागचं घसरू न देण्यासाठी. पंख घे. डुकाटीनं 2015 पासून लावले तेव्हा लोक हसले होते. विमानाचे पंख उलटे केल्यासारखे; वेगात हवा गाडीला खाली दाबते. मग गाडीची मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा आली: वळणातून निघताना रायडर एक बटण दाबतो, मागचा शॉकअप खाली बसतो, वजनाचा मध्य खाली येतो, चाक उचलायला जास्त ओढ लागते. त्यात विजेचा वापर करायला बंदी, म्हणून सगळं स्प्रिंग आणि तेलाच्या दाबावर. आपल्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा चुलतभाऊच म्हण.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव गोल फिरण्यात बदलणारा दांडा, उलटा फिरवणं ही त्याहून शहाणी युक्ती. चाकं पुढं फिरतात, क्रँक मागं. फिरत्या वस्तूला वळायचा कंटाळा असतो. तू सायकलचं चाक दोन्ही हातांत धरून फिरवून बघ. क्रँक उलटा फिरला की चाकांचा थोडा कंटाळा तो कापतो, गाडी या कुशीवरून त्या कुशीवर लवकर पडते. शिवाय थ्रॉटल उघडला की क्रँकचा उलटा धक्का गाडीचं नाक खाली दाबतो. फुकटात दोन फायदे. म्हणजे अगदी फुकट नाही, मध्ये एक जास्तीचा गिअर घालावा लागतो आणि तो थोडी ताकद खातो. पण वाया जाणाऱ्या ताकदीतूनच खातो ना!

स्फोटांचा ताल हा तिसरा भाग, आणि मला वाटतं सगळ्यात सुंदर. चार सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतरानं झाले तर टायरवर एकसारखा मारा होतो. होंडानं 1992 साली 500 सीसीच्या टू-स्ट्रोकमध्ये चारही स्फोट जवळजवळ आणले. मग थोडी उसंत. एकूण ताकद तीच, पण टायरला पकडायला फुरसत मिळाली. यामाहानं पुढं क्रँकच्या पिना 90-90 अंशांवर मांडल्या, ज्याला क्रॉसप्लेन म्हणतात. 2004 साली व्हॅलेंटिनो रॉसी हा रायडर त्या गाडीवर जिंकला आणि 2009 पासून ती मांडणी रस्त्यावरच्या आर-वनलाही आली. तिथं मुख्य कारण वेगळं: साध्या क्रँकमध्ये चारही पिस्टन एकदम थांबतात, एकदम सुटतात, त्यामुळं ओढीत एक फसवी थरथर मिसळते. क्रॉसप्लेननं ती जाते आणि मुठीत जे कळतं ती खरीखुरी स्फोटाची ओढ असते. काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला की नवा ड्रायव्हर रेस वाढवतो, चाक आणखी खाली जातं. जुना माणूस हळू ओढ देतो, थांबतो, पुन्हा देतो. त्याला स्फोटाचा ताल कुणी शिकवलेला नसतो.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल पोट्ट्यांचा समज असतो की कॉम्प्युटरच गाडी चालवतो. तसं नाही. 2016 पासून सगळ्यांना एकाच कंपनीचा, मॅग्नेटी मरेलीचा, एकच कंट्रोल युनिट आणि एकच सॉफ्टवेअर. चाक घसरलं की ओढ कापणं, पुढचं चाक उचललं की कापणं, थ्रॉटल मिटल्यावर इंजिन किती ओढून धरणार, ही कामं तो करतो. एबीएस मात्र तिथं चालत नाही. ब्रेक पूर्ण बोटांवर. त्या ब्रेकच्या पुढच्या डिस्क कार्बनच्या, थंड असताना पकडच नसलेल्या. दोन-अडीचशे अंश तापल्या की मग चावतात.

गिअरबॉक्स सहा गिअरचाच. पण 2011 मध्ये होंडानं असा आणला की पुढचा गिअर धरल्यावरच आधीचा सुटतो, मधल्या मध्ये ओढ तुटत नाही. वेळ वाचतो तो थोडाच. खरा फायदा गाडी आडवी असताना गिअर बदलला तरी धक्का बसत नाही हा. आपल्या गाडीचा गिअर बदलताना जो हिसका बसतो तो 60 अंश झुकलेल्या गाडीला बसला तर काय होईल, विचार कर.

आणि आता टायर. माझं ऐकशील तर रेसिंग गाडी म्हणजे दोन टायर, आणि बाकी सगळं त्यांची सेवा करायला. जमिनीला टेकलेला तुकडा तळहाताएवढा असतो. त्यातल्या हवेचं राजकारण ऐक. सध्याचा नियम असा की पुढच्या टायरमध्ये रेसच्या साठ टक्के अंतरात 1.8 बारच्या खाली हवा जाता कामा नये. 1.8 बार म्हणजे 26 पीएसआय, तुझ्या पुढच्या चाकात पंपवाला भरतो जवळपास तेवढीच! गेली खाली, तर रविवारच्या रेसला 16 सेकंदांचा दंड, म्हणजे मेहनत पाण्यात. पण हवा रेसच्या आधी, टायर वॉर्मरमध्ये, म्हणजे टायर तापवणाऱ्या विजेच्या गोधडीत, असताना ठरवावी लागते, आणि रेसमध्ये ती तापमानावर बदलते. दुसऱ्याच्या मागं लागलं की गरम हवा अंगावर येते, टायर तापतो, दाब वाढतो, टायर फुगतो, तळहाताचा तुकडा लहान होतो, पकड जाते. एकटं पुढं निघालं की टायर थंडावतो, दाब पडतो, दंड. मग मेकॅनिकनं रेसच्या आधीच अंदाज बांधायचा, आपला गडी पुढं असेल का मागं. मार्च 2025 मध्ये थायलंडच्या बुरीरामला मार्क मार्केझ पुढं होता आणि त्याचा दाब कमी पडायला लागला. त्यानं सातव्या लॅपला धाकट्या भावाला, अलेक्सला, मुद्दाम पुढं जाऊ दिलं, त्याच्या मागच्या गरम हवेत टायर तापवत बसला आणि तीन लॅप उरले असताना परत पुढं जाऊन जिंकला. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं गाडीत काही बिघडलं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, थोडकं सांगतो. जितकी ताठ तितकी चांगली, असं आपल्याला वाटतं. ब्रेक मारताना ते खरं. पण गाडी 60 अंश झुकली की रस्त्याचा खड्डा शॉकअपच्या दिशेनं येतच नाही, आडवा येतो. तिथं चासीनंच थोडं लवायला हवं. डुकाटीनं 2009 मध्ये कार्बन फायबरची, हलकी आणि ताठ चासी आणली. कागदावर उत्तम. पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते मात्र रायडरला कळेना. रॉसी 2011 मध्ये तिथं गेला आणि हैराण झाला. 2012 ला ॲल्युमिनियमवर परत आले. कार्बन वाईट नाही, आज तो परत वापरात येतोय. कुठं ताठ आणि कुठं लवचिक हे कळायला वेळ लागला, इतकंच. दमणीची दांडी करणारा सुतार बांबू निवडताना हेच करतो.

ताकदीचा अतिरेक झालाय हे नियम करणाऱ्यांनाही पटलंय. 2027 पासून इंजिन 1000 वरून 850 सीसी, बोअर 75 मिलिमीटर, आणि ती मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा बंद.

तुझ्या 12 हजारांकडं येतो. बोअर वाढवला की ब्लॉकची भिंत पातळ होते. तुझं इंजिन हवेनं थंड होणारं. मेमध्ये बाभूळगावपर्यंत ताणून नेलंस की आधीच पोळतं. पिस्टन जड झाला, म्हणजे मघाचा झटका वाढला. रॉड, क्रँकची बेअरिंग, ऑइल पंप मात्र जुनेच. हेडमधली वॉल तेवढीच, म्हणजे मोट मोठी आणि तोंड अरुंद. तुझी गाडी इंजेक्शनची. ईसीयूतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, पेट्रोलचा हिशेब 160 चा आहे, तो बदलणार कोण? मिश्रण पातळ राहिलं तर पिस्टनला वितळून भोक पडतं. आणि मिळणार काय? फार तर दोन-तीन हॉर्सपॉवर, ज्या त्याच जुन्या टायरवर आणि त्याच ब्रेकवर यायच्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवेल. सायलेन्सर कापायचा विचार असेल तर तोही सोड. आवाज वाढतो, ओढ खालच्या आरपीएमला उलट कमी होते, आणि म्हाताऱ्या माणसांचे शाप लागतात ते वेगळेच.

ते पैसे असे लाव. दोन चांगले टायर. ब्रेकचं तेल बदल, पॅड नवे. पुढच्या फोर्कचं ऑइल काढ. तुझ्या गाडीचं कधीच बदललेलं नसेल, मी पैज लावतो, काळं पाणी निघेल. चेन मधोमध अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, ना जास्त ना कमी. एअर फिल्टर, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रोडनं जाणाऱ्या गाडीचा फिल्टर महिन्यात रुईनं बुजतो, तो नुसता बदलला तरी गेलेली ओढ परत येते. इतक्यात तुझे निम्मेच पैसे जातील.

उरलेले ठेव. रेस करायचीच असेल तर रस्त्यावर नाही, चेन्नई-कोइम्बतूरला. एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचा, परवाना लागतो. टीव्हीएसची एकाच प्रकारच्या गाड्यांची स्पर्धा 1994 पासून चालू आहे. तिथं सगळ्यांची गाडी सारखी, म्हणजे बोअरचा प्रश्नच मिटला, फक्त हात कळतो. लहान वर्गाला हलकं समजू नको. महिंद्रा मोटो-थ्रीमध्ये, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या लहान वर्गात, 250 सीसीची एका सिलिंडरची गाडी पळवायची, घडवण्याचं बरंचसं काम स्वित्झर्लंड-इटलीत, पण टाकीवर नाव आपलं. 2016 साली नेदरलँड्समधल्या आसेनला ती पहिल्यांदा जिंकली. वर बसलेला पोट्टा होता फ्रान्चेस्को बान्याया, जो पुढं 2022 आणि 2023 ला मोटोजीपीचा विश्वविजेता झाला.

रविवारी गॅरेजवर ये, फोर्क मी स्वतः खोलून दाखवतो. येताना एक काम कर. सकाळी उठल्या उठल्या, गाडी हलवायच्या आधी, दोन्ही चाकांची हवा मोज आणि आकडे कागदावर लिही. मग उन्हात चालवत इथवर ये. पोचल्याबरोबर माझ्या गेजनं परत मोजू. पुढच्या चाकात तीनेक पीएसआय वाढलेले दिसले, तर मग बुरीरामला काय झालं ते मला तुला परत समजावून सांगावं लागणार नाही.